वॉक घेणारी आणि हिट मारणारी

आम्ही पामर्स्टन नॉर्थला राहायला आलो ते २०११ च्या जुलैत, म्हणजे इथल्या दक्षिण गोलार्धातल्या ऐन हिवाळ्यात. पुण्यात मी संख्याशास्त्र शिकवत होतो. इथे गायींवर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत नोकरी मिळाली. कुठल्या गायीची पैदास पुढे चालवावी हे आकड्यांवरून सांगायचं, असं ते काम. तिचं दूध, दुधातला स्निग्धांश, तिचं वजन, तिच्या लेकींचं दूध, असं सगळं एकत्र करून आम्ही एक आकडा काढायचो. शेतकरी तो नीट ऐकून घ्यायचे, आभार मानायचे आणि पुष्कळदा घरी जाऊन आपल्या आवडीचीच गाय ठेवायचे.

आमच्या शेजारी एक म्हातारे अमेरिकन गृहस्थ एकटेच राहत. तरुणपणी जनावरांचे डॉक्टर घडवायला म्हणून इथल्या विद्यापीठात आले, इथल्याच बाईशी लग्न केलं आणि राहिले. बायको जाऊन काही वर्षं झाली होती. मी त्यांना ‘तुम्ही’ म्हणायचो असं लिहिणं खोटं होईल, कारण इंग्रजीत तशी सोय नाही. पण माझ्या मनात ते अहो-जाहोच होते. पहिल्याच आठवड्यात त्यांनी कुंपणावरून बादलीभर लिंबं दिली. माझ्या बायकोने त्यांचं लोणचं घातलं आणि एक बरणी त्यांना पाठवली. ते लोणचं टोस्टवर लावून खातात हे आम्हाला बऱ्याच महिन्यांनी कळलं.

त्यांना बेसबॉलचं वेड होतं. अमेरिकेतली संध्याकाळ म्हणजे इथली दुसऱ्या दिवशीची दुपार, त्यामुळे त्यांचं सामने बघणं जेवणाच्या वेळेला चालायचं. शनिवार-रविवारी ते मला बोलवायचे. मी क्रिकेटवर वाढलेला माणूस; खेळ समजायला वेळ लागला नाही, हिशेब समजायला लागला.

त्यांच्या लहानपणचा एक पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, त्यांच्या मते जगातला सर्वांत मोठा खेळाडू होता. पुरावा म्हणून ते त्याने जिंकलेले सामने सांगायचे.

“सामना तर अख्खा संघ जिंकतो,” मी एकदा म्हणालो. “आमच्याकडे गोलंदाजाच्या नावावर बळी लिहितात, विजय लिहीत नाहीत. त्याच्या संघाने धावाच केल्या नसत्या तर?”

“तर तो हरला असता.”

“पण चेंडू तर त्याने तसेच टाकले असते ना?”

“मी दहा वर्षांचा असल्यापासून हा माणूस ग्रेट आहे,” ते म्हणाले. “आता तू लिंबं खाऊन मला हे विचारतोस.”

त्यानंतर हा आमचा विषयच झाला. बेसबॉलमध्ये तेव्हा दोन तट पडले होते. जुने लोक तीन आकडे बघत: फलंदाजाची सरासरी, म्हणजे दहा वेळांत किती फटके साधले ते; त्याने मैदानाबाहेर मारलेले फटके; आणि त्याच्या फटक्यांवर संघाला मिळालेल्या धावा. नवे लोक म्हणत, हे अर्धवट आहे. तो किती वेळा बाद न होता बेसवर, म्हणजे धाव पुरी करायच्या वाटेवरच्या टप्प्यावर, पोचला, पळाला कसा, क्षेत्ररक्षणात किती धावा वाचवल्या, हे सगळं मिळून बघा आणि त्याच्या जागी कोणी सामान्य खेळाडू असता तर संघाचं किती नुकसान झालं असतं ते काढा. २०१२ मध्ये तर योग असा आला की एक फलंदाज जुन्या तिन्ही आकड्यांत पहिला आला, जे कित्येक दशकांत घडलं नव्हतं, आणि नव्या मोजणीत मात्र एक पोरगेला खेळाडू त्याच्या पुढे होता. वर्षातला सर्वोत्तम कोण यावर अमेरिकेत महिनोन् महिने भांडणं चालली होती. आमच्या कुंपणावरही चालली. शेवटी मतं पडली ती तिन्ही आकडेवाल्याला. शेजाऱ्यांना आनंद व्हायला हवा होता, पण तोवर मी त्यांना बरंच काही वाचायला दिलं होतं आणि त्यांचं मन फिरलं होतं. नव्याने दीक्षा घेतलेल्या माणसासारखे ते माझ्याहून कडक झाले.

त्या काळात ते बायकांच्या एका सॉफ्टबॉल क्लबचे अध्यक्ष आणि प्रशिक्षक होते. सॉफ्टबॉल ही बेसबॉलची बहीण: चेंडू मोठा, मैदान लहान, बाकी बहुतेक तेच. क्लबची धावा लिहिणारी बाई ऑस्ट्रेलियाला गेली तेव्हा ते मला म्हणाले, “आठवडाभर गायी मोजतोस. शनिवारी आमच्या मुली मोज.”

२०१३ च्या ऑक्टोबरात मी पहिल्यांदा मैदानावर गेलो. पामर्स्टनचा वारा ज्याने खाल्लाय त्यालाच माहीत. कागद क्लिपांनी दाबून, टोपी कानांवर ओढून मी बाकावर बसलो होतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे, शॉर्टस्टॉपच्या जागी, एक बारीक चणीची मुलगी उभी होती. एक चेंडू वाऱ्याने वळला, तिच्या हाताला लागून निसटला आणि ती स्वच्छ आवाजात म्हणाली, “च्यायला.”

मी मान वर केली. तिनेही माझ्याकडे पाहिलं आणि जीभ चावली.

खेळ संपल्यावर ती येऊन शेजारी बसली. मूळची जळगावची, इथल्या हॉस्पिटलमध्ये नर्स. शाळेपासून सॉफ्टबॉल खेळलेली, राज्याच्या संघातून दोनदा गेलेली. “आमच्या जळगावला सॉफ्टबॉल खूप चालतो दादा,” ती म्हणाली. “पुण्याच्या लोकांना माहीत नसतं, पण आम्ही तुम्हाला हरवायचो.” नवरा इथेच दूरसंचारातल्या एका कंपनीत होता. तो सामन्यांना यायचा, गाडीत बसून झोपायचा.

ती त्या मोसमात अशी खेळली की बघत राहावं. चांगला चेंडू असो की वाईट, ती मारायची. दोन्ही पाय उचलून, कधी जवळजवळ डोक्यावरचा चेंडू खाली दाबून. दहात चारहून जास्त वेळा तिचा फटका सुटायचा आणि ती पहिल्या बेसवर उभी असायची. पोरी बाकावरून तिचं नाव घेऊन ओरडायच्या. नाव त्यांना नीट घेता येत नसे, पण आवाज मोठा असायचा.

दुसरी होती आमची कॅचर, फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारी. माओरी, प्राथमिक शाळेत शिक्षिका, दोन मुलांची आई, दोन्ही गुडघ्यांना पट्ट्या. भेटली की “किया ओरा” म्हणून भुवया उंचवायची, त्यापुढे फारसं बोलायची नाही. ती फलंदाजीला आली की लोक सॉसेज आणायला उठत. कारण ती मारायचीच नाही. वाईट चेंडू सोडून द्यायची. असे चार वाईट चेंडू पडले की फलंदाजाला पहिला बेस फुकट मिळतो, त्याला वॉक म्हणतात. ही बाई बॅट हळूच खाली ठेवून चालत पहिल्या बेसवर जायची. सरासरीत वॉक धरत नाहीत, त्यामुळे तिची सरासरी बेताची होती. पण माझ्या कागदांवर तिचं चिन्ह पुन्हा पुन्हा बेसवर दिसायचं.

क्लबचा एक जुना चांदीचा कप होता. त्यावर ‘सर्वोत्तम फलंदाज’ एवढंच कोरलेलं. तो सर्वांत जास्त सरासरीला द्यायचा ही नुसती वहिवाट होती. मोसम संपत आला तेव्हा सरासरीत जळगावची मुलगी कितीतरी पुढे होती. सगळ्यांना ते दिसत होतं, तिलाही दिसत होतं. तिने आईला फोन करून सांगितलंही होतं.

मार्चच्या शेवटी शेजारी कुंपणाशी आले. “समितीची बैठक आहे,” ते म्हणाले. “तू येऊन सांग. सगळं धरून खरी सर्वोत्तम कोण.”

“आणि सरासरी?”

“कपावर सरासरी लिहिलेलं नाही.”

“पण मोसमाच्या आधी ठरवायला हवं होतं ना हे?”

“तुझे शेतकरी असंच म्हणतात का?” ते म्हणाले.

रविवारी दुपारी क्लबच्या खोलीत बैठक झाली. चहा होता, कोणीतरी गाजराचा केक आणला होता. मी तीन गोष्टी सांगितल्या. सरासरी बघायची तर नर्स पुढे. बेसवर पोचणं आणि त्यातून संघाला झालेल्या धावा बघायच्या तर कॅचर पुढे, पण जराशीच. आणि तिसरं म्हणजे एका मोसमाचे सामने इतके थोडे असतात की हा फरक निव्वळ योगायोगाचाही असू शकतो; अजून दोन शनिवार खेळले असते तर उलटाही झाला असता. शिवाय क्षेत्ररक्षण मी धरलेलंच नाही, कारण ते मोजायला माझ्याकडे काही साधन नाही.

खजिनदार बाईंनी विचारलं, “पण आजच्या घडीला कोण पुढे आहे?”

“आजच्या घडीला कॅचर.”

“मग झालं तर.”

तिसरी गोष्ट कोणी ऐकली असेल असं मला वाटत नाही. मतं पडली, एका मताने कप कॅचरला गेला.

बक्षीस समारंभाला नर्सने सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या. कॅचर कप घेताना अवघडली होती. तिने तो हातात धरला, इकडेतिकडे पाहिलं आणि तो पटकन टेबलावर ठेवून दिला.

पुढच्या आठवड्यात आपल्या मंडळींचा पाडव्याचा कार्यक्रम होता. एका शाळेचा हॉल, घडीच्या खुर्च्या, प्रत्येक घरातून एक पदार्थ. श्रीखंडाच्या रांगेत हॉस्पिटलमधले एक फार्मसिस्ट गृहस्थ माझ्यामागे उभे होते. मुंबईचे, बोलायला मोकळे.

“तुमच्यामुळे गेला म्हणे आपल्या मुलीचा कप,” ते म्हणाले.

“मला विचारलं, मी सांगितलं.”

“अहो, पण आपल्यातला एखादा जरा पुढे जात असला की आपणच गणितं काढतो. गोऱ्यांनी कधी काढली होती का?”

कॅचर गोरी नव्हती हे मी सांगितलं नाही. त्याने वाद थांबला नसता. घरी आल्यावर बायकोला हे सांगितलं. तिने डबे धुता धुता ऐकून घेतलं.

“गणिताचं मला कळत नाही,” ती म्हणाली. “पण बैठकीच्या आधी तिला फोन करायचा होतास. तिला तिकडून कळायला नको होतं.”

“काय सांगायचं?”

“हेच. जे त्यांना सांगितलंस तेच.”

त्याच शनिवारी नर्स घरी आली. फोन करून, वहिनींना विचारून आली. बायकोने पोहे केले. आमची मुलगी आपल्या खोलीतून “हाय” म्हणून परत आत गेली. पोहे खाऊन झाल्यावर नर्स म्हणाली, “दादा, मला समजावून सांगा. रागाने नाही म्हणत. मला खरंच कळलं नाही.”

मी सगळे कागद टेबलावर पसरले. तिचा प्रत्येक डाव दाखवला, कॅचरचा दाखवला. ती हुशार होती, लगेच समजलं तिला. तिच्या नावावर अख्ख्या मोसमात जेमतेम दोन-तीन वॉक होते.

“म्हणजे मी जे वाईट बॉल मारले ते सोडायचे होते.”

“काही सोडले असते तर बरं झालं असतं.”

“मला वॉक घ्यायला कोणी शिकवलंच नाही,” ती म्हणाली. “आमच्या ग्राउंडवर वॉक घेतला की सर ओरडायचे, बॅट खांद्यावर ठेवून फिरायला आलीस काय? सिलेक्शनला हिट बघायचे. वॉक घेणारी पोरगी सिलेक्टरला दिसायचीच नाही. मी नसते मारत तर तालुक्याच्या पुढे गेले नसते.”

हे माझ्या कुठल्याच कागदावर नव्हतं आणि असूनही निकालात फरक पडला नसता.

“मी तिच्यापेक्षा कमी आहे असं तुम्हाला वाटतं का?”

“या मोजणीने, या मोसमात, किंचित. मला स्वतःला विचारशील तर सांगता येणार नाही.”

“तुम्हाला बघायला कोण आवडतं?”

“तू,” मी म्हणालो.

ती हसली. “मग हे त्यांना का नाही सांगितलं?” आणि उत्तराची वाट न बघता ताटली उचलून सिंककडे गेली.

पुढच्या मोसमात तिने वॉक घ्यायचं ठरवलं. शिकवणी घेतली ती थेट कॅचरकडे. सरावानंतर दोघी थांबायच्या. कॅचर मागे बसून चेंडू झेलायची आणि नर्स बॅट न हलवता उभी राहून ‘आत’ किंवा ‘बाहेर’ एवढंच म्हणायची. हळूहळू तिला ते जमायला लागलं. ती बेसवर जास्त वेळा पोचू लागली, सरासरी मात्र उतरली. माझ्या मोजणीने ती पहिल्या वर्षापेक्षा चांगली खेळत होती. बाकावरच्या पोरी आता ती आली की सॉसेज आणायला उठत.

नाताळच्या सुट्टीआधीच्या सामन्यानंतर ती माझ्याशेजारी बसून बुटांच्या नाड्या सोडत होती.

“जमतंय मला,” ती म्हणाली. “पण दादा, मजा येत नाही. आठवडाभर वॉर्डात मी तेच करते. वाट बघायची, घाई करायची नाही, चूक करायची नाही. शनिवारी तरी मारू दे.”

जानेवारीपासून ती पुन्हा मारायला लागली.

कपावरून त्या वर्षी समितीत पुन्हा वाद झाला. सरासरीवाले आणि बेसवाले यांत शेजाऱ्यांनी फार कडक भूमिका घेतली आणि खजिनदार बाई उठून गेल्या. शेवटी कॅचरनेच तोड काढली. ती म्हणाली, यापुढे मोसम संपला की खेळाडूंनी चिठ्ठ्या टाकाव्यात, आणि कशावरून ते कोणी विचारू नये. शेजाऱ्यांना हे मुळीच पटलं नाही. “लोकप्रियतेची स्पर्धा,” ते मला म्हणाले. पण खेळाडूंना पटलं, आणि तसं ठरलं.

२०१५ चा मोसम वाईट गेला. आमची पिचर बाळंतपणासाठी गेली, दुसरी वेलिंग्टनला गेली. टाकायला कोणी नाही आणि नऊ जणीही पुऱ्या होईनात. एक-दोन सामने न खेळताच सोडून द्यावे लागले. असंच चाललं असतं तर त्या वर्षी संघ काढूनच घेतला असता. तेव्हा नर्स म्हणाली, मी टाकते. तिने आयुष्यात पिचिंग केलेलं नव्हतं. कॅचरने तिला क्लबच्या पाठीमागच्या भिंतीशी उभं करून महिनाभर शिकवलं. मग हॉस्पिटलमधून तिने माणसं आणली: केरळच्या दोघी, फिलिपिन्सची एक, प्रयोगशाळेतली एक धिप्पाड समोअन बाई, जिने पहिल्याच दिवशी चेंडू रस्त्यापलीकडच्या डेअरीच्या दारात मारला. डेअरी म्हणजे इथलं कोपऱ्यावरचं दुकान. दुकानदार गुजराती होते; चेंडू घेऊन स्वतः आले आणि मग दर शनिवारी बघायला येऊ लागले.

आम्ही बहुतेक सामने हरलो. नर्सचे चेंडू लोक यथेच्छ मारत. ती घाम पुसायची, कॅचरकडे बघून मान हलवायची आणि पुढचा टाकायची. रात्रपाळी करून सकाळी थेट आलेली असली की टाकता टाकता जांभई द्यायची. पिचर म्हणून तिचे आकडे मी काढले ते कोणाला दाखवण्यासारखे नव्हते. फलंदाजीतही ती जुन्या हिशेबाने चौथी होती, माझ्या हिशेबाने पाचवी.

मोसमाच्या शेवटी चिठ्ठ्या मोजल्या. एक सोडून सगळ्या तिच्या नावाच्या होत्या, आणि ती एक तिने कॅचरच्या नावाने टाकली होती हे तिनेच सांगितलं.

कप ‘सर्वोत्तम फलंदाज’चा असून तो असा दिला याची शेजाऱ्यांना फार चीड आली. घरी परतताना गाडीत ते मला म्हणाले, “कुठल्याही मोजणीने ही मुलगी पहिली नाही. तुझ्याही नाही, माझ्याही नाही.”

“नाही.”

“मग तू टाळ्या का वाजवत होतास?”

“तुम्हीही वाजवत होतात.”

“मी अध्यक्ष आहे,” ते म्हणाले.

२०१७ मध्ये तिच्या नवऱ्याला क्राइस्टचर्चला चांगलं काम मिळालं आणि ती दोघं रिकार्टनला राहायला गेली. निघायच्या आधी सामान बांधायला मी आणि बायको गेलो होतो. क्लबचा कप वर्षभराने परत करायचा असतो, त्यामुळे तिच्याकडे आठवण म्हणून एक लहानशी लाकडी पाटी होती. ती तिने भांड्यांच्या खोक्यात, कुकरमध्ये ठेवली, मोडू नये म्हणून.

शेजारी नंतरच्या वर्षी पडले, कमरेचं हाड मोडलं, आणि हॉस्पिटलमधूनच वृद्धाश्रमात गेले. कान तल्लख होते, डोळे कमी झाले होते. रविवारी मी जायचो आणि टॅबलेटवर सामना लावून त्यांना काय चाललंय ते सांगायचो. सरासरी नको, नवीन आकडेही नकोत. चेंडू कसा आला आणि फलंदाजाने काय केलं एवढंच सांग म्हणायचे. मला ते सोपं नव्हतं. कित्येक वर्षं मी निकाल लिहीत आलो होतो, चेंडू बघितले नव्हते.

२०१९ च्या सुरुवातीला नर्सचा फोन आला. बाळ वर्षाचं झालं होतं आणि ती पुन्हा खेळायला लागली होती, तिकडच्या एका क्लबात. पहिल्या दिवशी प्रशिक्षकाने तिला विचारलं, सरासरी किती.

“मग काय सांगितलंस?”

“म्हटलं, नाही आठवत. शॉर्टस्टॉप खेळते, आणि अगदीच कोणी नसलं तर वाईट पिचिंग करते.”

“मग?”

“मग काय, घेतलं. त्यांच्याकडे पण कोणी नव्हतं.”

रविवारी मी हे शेजाऱ्यांना सांगितलं. ते हसले, मग खोकले. पाण्याचा पेला हातात दिला तेव्हा म्हणाले, “चांगले प्रशिक्षक आहेत तिकडे.” आणि मग पडद्याकडे तोंड करून विचारलं, बेसवर कोण आहे.

मी नीट बघितलं. दुसऱ्या बेसवर एक होता, आणि तिसऱ्याकडे पळावं की थांबावं याचा तो विचार करत होता. तसं त्यांना सांगितलं.